गॉली (सॉफ्टवेअर)

गॉली हे सेल्युलर ऑटोमेटा या गणिती प्रतिमानांचा अभ्यास करण्यासाठी तयार केलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. अँड्र्यू ट्रेव्हॉरो आणि टॉमस रोकिकी हे त्याचे मुख्य विकासक असून जुलै २००५ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध झाले. जॉन हॉर्टन कॉनवे यांच्या 'गेम ऑफ लाइफ' या प्रसिद्ध प्रतिमानासह इतर अनेक प्रकारचे सेल्युलर ऑटोमेटा त्यात चालवून पाहता येतात.

वापरकर्ता पडद्यावरील चौकटींच्या जाळीत हवा तो आकार काढतो, एखादा नियम निवडतो आणि त्या नियमानुसार आकार पिढ्यानपिढ्या कसा बदलत जातो हे पाहतो. गॉलीतील जाळीला कडा नसतात. नमुना जसजसा पसरतो तसतशी जाळी वाढत जाते. 'हॅशलाइफ' या अल्गोरिदममुळे सुव्यवस्थित रचनेचे नमुने अब्जावधी पिढ्या पुढे नेता येतात. सेल्युलर ऑटोमेटाच्या बाबतीत नमुन्याचे भवितव्य आधीच सांगू शकणारे सर्वसाधारण सूत्र उपलब्ध नाही. ते जाणण्यासाठी बहुतेक वेळा नमुना प्रत्यक्ष चालवावा लागतो. त्यामुळे या विषयात अशा सॉफ्टवेअरला प्रयोगशाळेचे स्थान आहे.

विकासक: अँड्र्यू ट्रेव्हॉरो, टॉमस रोकिकी व इतर
प्रथम प्रकाशन: जुलै २००५
प्रणाली: विंडोज, मॅकओएस, लिनक्स, तसेच आयपॅड व अँड्रॉइड
प्रोग्रॅमिंग भाषा: सी++
परवाना: ग्नू जनरल पब्लिक लायसन्स

## पार्श्वभूमी

### सेल्युलर ऑटोमेटा म्हणजे काय

सेल्युलर ऑटोमेटन (अनेकवचन: ऑटोमेटा) म्हणजे एकसारख्या पेशींची जाळी. प्रत्येक पेशी ठरावीक अवस्थांपैकी एका अवस्थेत असते. काळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकतो आणि प्रत्येक टप्प्यास 'पिढी' म्हणतात. पुढच्या पिढीत एखाद्या पेशीची अवस्था काय असेल, हे तिची स्वतःची व तिच्या शेजारच्या पेशींची सध्याची अवस्था पाहून एका नियमाने ठरते. हा नियम सर्व पेशींना एकाच वेळी लागू होतो. कोणतीही पेशी दूरवरचे काही जाणत नाही आणि संपूर्ण जाळीवर देखरेख ठेवणारी कोणतीही यंत्रणा नसते.

ही कल्पना १९४० च्या दशकात जॉन फॉन नॉयमन आणि स्टॅनिस्लॉ उलाम यांनी मांडली. यंत्र स्वतःसारखेच दुसरे यंत्र निर्माण करू शकेल का, हा फॉन नॉयमन यांचा प्रश्न होता. उलाम यांच्या सूचनेवरून त्यांनी पेशींच्या जाळीचा आधार घेतला आणि प्रत्येक पेशीला २९ अवस्था असलेली एक रचना आखली. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हे काम अपूर्ण होते. आर्थर बर्क्स यांनी ते पूर्ण करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. या रचनेतील स्वयं-प्रजनक यंत्र त्या काळी कागदावरच राहिले, कारण ते चालवून पाहता येईल इतकी क्षमता तत्कालीन संगणकांत नव्हती.

### गेम ऑफ लाइफ

ब्रिटिश गणितज्ञ जॉन हॉर्टन कॉनवे (१९३७–२०२०) यांनी केंब्रिज येथे याहून कितीतरी सोपा नियम शोधला. त्यात पेशीला 'जिवंत' आणि 'मृत' अशा दोनच अवस्था असतात आणि प्रत्येक पेशीला आडवे, उभे व तिरपे मिळून आठ शेजारी असतात. नियम असे:

* जिवंत पेशीचे दोन किंवा तीन शेजारी जिवंत असतील, तर ती पुढच्या पिढीतही जिवंत राहते.
* जिवंत शेजारी दोनपेक्षा कमी किंवा तीनपेक्षा जास्त असतील, तर ती मरते.
* मृत पेशीचे नेमके तीन शेजारी जिवंत असतील, तर ती जिवंत होते.

हा नियम थोडक्यात 'बी३/एस२३' असा लिहितात. 'बी' नंतरचे आकडे जन्मासाठी आणि 'एस' नंतरचे आकडे टिकून राहण्यासाठी लागणारी जिवंत शेजाऱ्यांची संख्या दर्शवतात.

मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या ऑक्टोबर १९७० च्या अंकातील आपल्या सदरात या खेळाची ओळख करून दिली. कोणताही सांत नमुना अमर्याद वाढू शकत नाही, असा कॉनवे यांचा कयास होता. तो सिद्ध करणाऱ्यास किंवा खोडून काढणाऱ्यास त्यांनी ५० डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. नोव्हेंबर १९७० मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील बिल गॉस्पर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ग्लायडर तोफ' शोधून हा कयास चुकीचा ठरवला. ३६ जिवंत पेशींपासून सुरू होणारी ही तोफ दर ३० पिढ्यांनी एक नवा 'ग्लायडर' बाहेर सोडते. त्यामुळे जिवंत पेशींची संख्या कायम वाढत राहते.

ग्लायडर हा पाच जिवंत पेशींचा नमुना आहे:

□ ■ □
□ □ ■
■ ■ ■

चार पिढ्यांनंतर हाच आकार पुन्हा दिसतो; मात्र तो एक घर उजवीकडे आणि एक घर खाली सरकलेला असतो. नियमात 'हालचाल' असा शब्द कोठेही नाही. एकही पेशी जागा सोडत नाही. तरीही पाहणाऱ्यास एक वस्तू तिरपी चालत जाताना दिसते.

## इतिहास

गेम ऑफ लाइफचे सुरुवातीचे संशोधन खेळाच्या पटावर सोंगट्या मांडून हाताने झाले. त्या काळातच केंब्रिजमध्ये एम. जे. टी. गाय आणि एस. आर. बोर्न यांनी पीडीपी-७ या संगणकासाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. 'आर-पेंटोमिनो' या नमुन्यावरून संगणकाची गरज स्पष्ट होते. त्यात सुरुवातीला अवघ्या पाच जिवंत पेशी असतात. परंतु तो स्थिरावण्यास १,१०३ पिढ्या लागतात आणि शेवटी ११६ जिवंत पेशी उरतात. त्यांपैकी काही दूर निघून गेलेल्या सहा ग्लायडरांच्या असतात. एवढ्या पिढ्या हाताने आणि बिनचूक मोजणे व्यवहारतः कठीण होते.

पुढे वैयक्तिक संगणक आल्यावर अनेक हौशी प्रोग्रॅमरांनी लाइफचे प्रोग्रॅम लिहिले. मिरेक वुयतोविच यांचा 'एमसेल' आणि योहान बोन्टेस यांचा 'लाइफ३२' हे विंडोजवरील प्रोग्रॅम या क्षेत्रात परिचित होते. ट्रेव्हॉरो यांनी मॅकिंटॉश संगणकासाठी 'लाइफलॅब' हा प्रोग्रॅम तयार केला होता, तर रोकिकी यांनी गॉस्पर यांच्या हॅशलाइफ अल्गोरिदमवर काम केले होते. या दोघांच्या सहकार्यातून गॉली आकारास आले. पुढील काळात टिम हटन, डेव्ह ग्रीन, ख्रिस रोवेट आदींनी त्यात भर घातली.

दोन्ही मुख्य विकासक अन्य कामांसाठीही ओळखले जातात. ट्रेव्हॉरो यांनी मॅकिंटॉशसाठी 'ओझटेक' ही अक्षरजुळणी प्रणाली तयार केली. रुबिकचा घन कोणत्याही स्थितीतून जास्तीत जास्त २० चालींत सोडवता येतो, हे २०१० मध्ये सिद्ध करणाऱ्या गटात रोकिकी यांचा समावेश होता.

## वापर

गॉलीच्या खिडकीचा बहुतांश भाग जाळीने व्यापलेला असतो. पेन्सिलच्या साधनाने पेशी जिवंत किंवा मृत करता येतात, निवडलेला भाग फिरवता, उलटवता, कापता किंवा अन्यत्र चिकटवता येतो आणि एखादा भाग यादृच्छिक पेशींनी भरताही येतो. नमुना एकेक पिढी पुढे नेता येतो किंवा अखंड चालवता येतो. एका पावलात किती पिढ्या ओलांडायच्या हे घातांकाच्या पटीत वाढवता येते. केलेला प्रत्येक बदल मागे घेण्याची सोय असल्यामुळे एकच नमुना थोडा थोडा बदलून वारंवार तपासता येतो.

सॉफ्टवेअरसोबत तयार नमुन्यांचा मोठा संग्रह दिला जातो. त्यात स्थिर नमुने, दोलक, ग्लायडर तोफा, अंतराळयाने, गणनयंत्रे आणि स्वयं-प्रजनक रचना यांचा समावेश होतो. स्टीफन सिल्व्हर यांनी संकलित केलेला 'लाइफ लेक्सिकन' हा पारिभाषिक कोशही मदतविभागात आहे. कोशातील नमुन्यावर टिचकी मारताच तो जाळीत उघडतो.

नमुने साठवण्यासाठी मुख्यतः दोन स्वरूपे वापरली जातात. 'आरएलई' या स्वरूपात एकाच प्रकारच्या सलग पेशींची संख्या लिहिली जाते. लहान व मध्यम नमुन्यांसाठी ते सोयीचे असते. 'मॅक्रोसेल' या स्वरूपात वारंवार येणारा भाग एकदाच लिहून पुढे त्याचा केवळ निर्देश केला जातो. त्यामुळे कोट्यवधी पेशींचा सुव्यवस्थित नमुनाही लहान फायलीत मावतो.

लुआ आणि पायथन या भाषांत स्क्रिप्ट लिहून गॉलीतील कामे स्वयंचलित करता येतात. उदाहरणार्थ, हजारो यादृच्छिक नमुने तयार करून त्यांतून कोणत्या वस्तू उरतात हे मोजता येते. ॲडम गाउचर यांच्या 'एपीजीसर्च' या शोधप्रणालीच्या सुरुवातीच्या आवृत्त्या गॉलीत चालणाऱ्या पायथन स्क्रिप्टच होत्या.

### जाळीची मर्यादा

मूळ जाळी अमर्याद असली तरी वापरकर्ता तिला ठरावीक लांबी-रुंदीची करू शकतो. अशा वेळी समोरासमोरच्या कडा जोडून वृत्तवलय (टोरस), क्लाइन बाटली, गोल इत्यादी पृष्ठे मिळतात. या निवडीचा परिणाम मोठा असतो. वृत्तवलयावर उजवीकडून बाहेर गेलेला ग्लायडर डावीकडून परत येतो आणि मागे उरलेल्या नमुन्यावर आदळू शकतो. म्हणून लहान वृत्तवलयावर आर-पेंटोमिनोचा शेवट अमर्याद जाळीवरील शेवटापेक्षा वेगळा होऊ शकतो. कोणताही निष्कर्ष नोंदवताना जाळी कोणत्या प्रकारची होती हे सांगणे त्यामुळे आवश्यक ठरते.

## अल्गोरिदम

### क्विकलाइफ

सरळ पद्धतीत प्रत्येक पिढीला प्रत्येक पेशीचे शेजारी मोजावे लागतात. क्विकलाइफ या अल्गोरिदममध्ये पेशी लहान गटांत साठवल्या जातात, गटाचे भवितव्य तयार कोष्टकातून काढले जाते आणि ज्या भागांत काहीच बदलत नाही ते भाग वगळले जातात. अस्ताव्यस्त, सतत बदलणाऱ्या नमुन्यांसाठी ही पद्धत उपयुक्त असते.

### हॅशलाइफ

हॅशलाइफ हा अल्गोरिदम बिल गॉस्पर यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामागे दोन निरीक्षणे आहेत. पहिले असे, की माहिती एका पिढीत जास्तीत जास्त एक घर पुढे जाऊ शकते. या वेगास लाइफच्या परिभाषेत 'प्रकाशाचा वेग' म्हणतात. दुसरे असे, की मोठ्या नमुन्यांत तेच ते भाग पुन्हा पुन्हा येतात, कधी वेगळ्या जागी तर कधी वेगळ्या पिढीत.

४ × ४ पेशींचा एक चौरस घेतल्यास त्याच्या मधल्या २ × २ पेशींची पुढची पिढी केवळ त्या १६ पेशींवरून निश्चित होते. बाहेर काय आहे याचा तिच्याशी संबंध नसतो. असे एकूण ६५,५३६ चौरस संभवतात. ८ × ८ च्या चौरसात परस्परांवर येणारे ४ × ४ चे नऊ चौरस बसतात. त्यांची उत्तरे एकत्र करून पुन्हा ४ × ४ चे चार चौरस बनवले, की मधल्या ४ × ४ पेशींची दोन पिढ्यांनंतरची स्थिती मिळते. त्याच रीतीने १६ × १६ च्या चौरसावरून मधल्या ८ × ८ पेशींची चार पिढ्यांनंतरची स्थिती मिळते. चौरसाची बाजू दुप्पट झाली की काळाची उडीही दुप्पट होते.

प्रत्येक चौरस स्मृतीत एकदाच साठवला जातो आणि त्याचे उत्तरही त्याच्यासोबत जपले जाते. तोच चौरस पुन्हा आढळल्यास नव्याने गणन होत नाही, साठवलेले उत्तरच वापरले जाते. ग्लायडर तोफेच्या बाबतीत तोफेचा भाग दर ३० पिढ्यांनी पूर्वस्थितीस येतो आणि बाहेर गेलेले ग्लायडर एकसारखे असतात. त्यामुळे नवे गणन फारसे उरत नाही आणि कोट्यवधी पिढ्यांनंतरची स्थिती अल्पावधीत मिळते. पिढ्यांची संख्या संगणकातील नेहमीच्या पूर्णांकांच्या मर्यादेपलीकडे जाते, म्हणून गॉलीत कितीही मोठ्या पूर्णांकांची सोय केलेली आहे.

हॅशलाइफ सर्वच ठिकाणी उपयोगी पडत नाही. यादृच्छिक पेशींच्या गर्दीत तेच भाग क्वचितच पुन्हा येतात. अशा वेळी साठवलेली उत्तरे वापरात येत नाहीत, स्मृती मात्र भरत जाते आणि वेग मंदावतो. याच कारणाने गॉलीत अल्गोरिदम निवडण्याची मोकळीक वापरकर्त्याकडे ठेवलेली आहे. नमुन्यात कितपत पुनरावृत्ती आहे याचा अंदाजही या दोन पद्धतींच्या वेगातील फरकावरून येतो.

## उपलब्ध नियम

जन्म व टिकून राहण्याचे आकडे बदलून कॉनवे यांच्या नियमासारखे अनेक नियम मिळतात. 'हायलाइफ' या नियमात सहा जिवंत शेजारी असलेल्या मृत पेशीसही जन्म मिळतो. एवढ्या एका बदलाने त्यात स्वतःच्या प्रती तयार करणारा एक छोटा नमुना आढळतो. 'डे अँड नाइट' या नियमात जिवंत व मृत पेशींची अदलाबदल केली तरी वागणूक तीच राहते. 'सीड्स' या नियमात प्रत्येक जिवंत पेशी पुढच्याच पिढीत मरते. तरीही बहुतेक नमुने वेगाने पसरत जातात.

याखेरीज पुढील प्रकार गॉलीत चालवता येतात:

* एकमितीय नियम: स्टीफन वुल्फ्रॅम यांनी अभ्यासलेले २५६ प्राथमिक नियम. यांपैकी नियम ९० एका पेशीपासून सियरपिन्स्की त्रिकोणासारखी रचना निर्माण करतो, तर नियम ११० सर्वसमर्थ गणन करू शकतो असे मॅथ्यू कुक यांनी सिद्ध केले आहे.
* ब्रायन्स ब्रेन: ब्रायन सिल्व्हरमन यांचा तीन अवस्थांचा नियम. यात जिवंत पेशी मरण्यापूर्वी एक पिढी विश्रांतीच्या अवस्थेत असते.
* वायरवर्ल्ड: सिल्व्हरमन यांचाच चार अवस्थांचा नियम. तारेतून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांसारखे संकेत यात दिसतात आणि तर्कद्वारे रचता येतात. मूळ संख्या काढणारा एक संपूर्ण संगणक या नियमात बांधलेला असून तो गॉलीच्या संग्रहात आहे.
* लँग्टनचे पाश: ख्रिस्तोफर लँग्टन यांनी १९८४ मध्ये मांडलेली आठ अवस्थांची स्वयं-प्रजनक रचना.
* फॉन नॉयमन यांचा २९ अवस्थांचा नियम आणि त्याचे विस्तारित प्रकार.

वापरकर्ता स्वतःचा नियमही लिहू शकतो. कोणत्या अवस्थेला कोणत्या शेजाऱ्यांच्या सान्निध्यात कोणती नवी अवस्था मिळेल, याचे कोष्टक साध्या मजकुराच्या फायलीत दिले की गॉली ते वाचते. अशा नियमात जास्तीत जास्त २५६ अवस्था असू शकतात.

## उल्लेखनीय नमुने

* फॉन नॉयमन यंत्र: रेनातो नोबिली आणि उम्बेर्तो पेसाव्हेंतो यांनी फॉन नॉयमन यांच्या नियमाचा ३२ अवस्थांपर्यंत विस्तार करून स्वयं-प्रजनक यंत्राची प्रत्यक्ष रचना १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. एक प्रत पूर्ण होण्यास सुमारे ६३ अब्ज पिढ्या लागतात. सरळ पद्धतीने एवढ्या पिढ्या चालवणे आवाक्याबाहेरचे होते; हॅशलाइफमुळे हे यंत्र वैयक्तिक संगणकावर चालताना पाहणे शक्य झाले.
* ट्युरिंग यंत्र: पॉल रेंडेल यांनी २००० मध्ये गेम ऑफ लाइफमध्ये ट्युरिंग यंत्र बांधले. ग्लायडरांचे प्रवाह त्यात संकेतांचे काम करतात.
* ओटीसीए मेटापिक्सेल: ब्राइस ड्यू यांनी २००६ मध्ये तयार केलेला २,०४८ × २,०४८ पेशींचा नमुना. तो स्वतः लाइफच्या एका मोठ्या पेशीसारखा वागतो. असे अनेक नमुने शेजारी मांडल्यास लाइफच्या जाळीतच लाइफ चालते. मोठ्या पेशीची एक पिढी होण्यास मूळ जाळीच्या ३५,३२८ पिढ्या लागतात.
* जेमिनाय: अँड्र्यू वेड यांनी मे २०१० मध्ये जाहीर केलेले अंतराळयान. आडवी, उभी किंवा नेमकी कर्णरेषेतील दिशा सोडून अन्य तिरप्या दिशेने जाणारे हे लाइफमधील पहिले यान होय. ३,३६,९९,५८६ पिढ्यांत ते एका दिशेने ५,१२० आणि दुसऱ्या दिशेने १,०२४ घरे सरकते. पुढे जाताना ते स्वतःची नवी रचना उभारते आणि जुनी मोडून टाकते.
* सर रॉबिन: बुद्धिबळातील घोड्याप्रमाणे एका दिशेने दोन व दुसऱ्या दिशेने एक घर सरकणारे, तुलनेने लहान यान. रोकिकी यांना आढळलेल्या अपूर्ण आकारावरून गाउचर यांनी मार्च २०१८ मध्ये ते पूर्ण केले. असे एक सरकणे सहा पिढ्यांत होते.

## अनुकरण आणि सिद्धता

गॉलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नमुना चालवून पाहणे आणि त्याविषयी विधान सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिलेला नमुना शेवटी नष्ट होईल का, हे कोणत्याही नमुन्यासाठी ठरवू शकेल असा एकही अल्गोरिदम असू शकत नाही. गेम ऑफ लाइफमध्ये ट्युरिंग यंत्र बांधता येते, त्यामुळे ट्युरिंग यांची सुप्रसिद्ध 'थांबण्याची समस्या' येथेही लागू होते. एखादा नमुना एक लाख पिढ्यांत स्थिर झाला नाही, एवढ्यावरून तो पुढेही होणार नाही असे म्हणता येत नाही.

'एकॉर्न' हा सात जिवंत पेशींचा नमुना याचे उदाहरण आहे. तो ५,२०६ पिढ्यांपर्यंत बदलत राहतो आणि नंतर स्थिरावतो. एक हजार पिढ्यांनंतर थांबणाऱ्या निरीक्षकाला तो बेबंद वाढणारा वाटू शकतो. याउलट ग्लायडर तोफेची वाढ कधीही थांबत नाही, हे निश्चितपणे सांगता येते. तोफ ३० पिढ्यांनी पूर्वस्थितीला येते आणि सुटलेले ग्लायडर तिच्या मार्गात परत येत नाहीत, एवढे दाखवले की विधान सर्व पिढ्यांसाठी सिद्ध होते. पुनरावृत्ती ओळखता आली तर निरीक्षणाचे रूपांतर सिद्धतेत होते. ती आढळली नाही तर हाती केवळ निरीक्षण उरते.

हॅशलाइफ या नियमाला अपवाद नाही. काळाची मोठी उडी घेता येते ती नमुन्यातच पुनरावृत्ती असल्यामुळे. ज्या नमुन्यात ती नाही, त्याच्यासाठी हॅशलाइफकडेही जवळचा मार्ग नसतो.

भूतकाळाच्या दिशेने अडचण वेगळी आहे. लाइफमध्ये निरनिराळ्या अनेक स्थितींतून एकच पुढची स्थिती निर्माण होऊ शकते. म्हणून एखाद्या स्थितीवरून तिची आधीची स्थिती एकमेव रीतीने काढता येत नाही. काही स्थिती तर अशा असतात, की कोणत्याही पूर्वस्थितीतून त्या निर्माण होऊच शकत नाहीत. अशा स्थितींना 'ईडनची बाग' म्हणतात. गॉलीमध्ये मागे जाण्याची सोय आहे, परंतु ती आधी नोंदवलेल्या स्थिती परत आणते. नियम उलटा चालवत नाही.

## शैक्षणिक महत्त्व

गॉलीच्या साहाय्याने गणित व संगणकशास्त्रातील अनेक संकल्पना प्रत्यक्ष दाखवता येतात. वाढीचा वेग हे त्यांपैकी एक उदाहरण होय. ग्लायडर तोफेत जिवंत पेशींची संख्या दर ३० पिढ्यांनी पाचाने वाढते. ही रेषीय वाढ आहे. तोफाच निर्माण करत जाणाऱ्या 'ब्रीडर' नमुन्यांत संख्या पिढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. यापेक्षा वेगवान, म्हणजे दर काही पिढ्यांनी दुप्पट होत कायम चालणारी वाढ द्विमितीय जाळीत अशक्य आहे. माहिती एका पिढीत एकच घर पुढे जात असल्याने नमुन्याने व्यापलेले क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणाहून जलद वाढू शकत नाही. आलेखावरील निरीक्षण आणि त्यामागील कारण दोन्ही शालेय गणिताच्या आवाक्यातील आहेत.

प्रारंभिक स्थितीविषयीची संवेदनशीलताही सहज दिसते. आर-पेंटोमिनोला एक पेशी जोडली किंवा त्यातील एक काढली, की त्याचे भवितव्य पूर्णपणे बदलू शकते. नियम काटेकोर आणि निश्चित असूनही परिणाम अनपेक्षित असू शकतो, हे यातून स्पष्ट होते.

सेल्युलर ऑटोमेटाचा उपयोग भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, वाहतूक नियोजन अशा क्षेत्रांतही होतो. पेर बाक, चाओ टँग आणि कर्ट विझेनफेल्ड यांनी १९८७ मध्ये मांडलेले वाळूच्या ढिगाचे प्रतिमान हे त्याचे एक ठळक उदाहरण आहे. एखाद्या घरात ठरावीक संख्येहून अधिक कण साठले, की ते शेजारच्या घरांत सांडतात आणि लहानमोठ्या घसरणी होतात. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांनी १९९० मध्ये या प्रतिमानाची गणिती रचना उलगडून दाखवली. कण कोणत्याही क्रमाने सांडू दिले तरी अंतिम स्थिती तीच राहते, या गुणधर्माच्या आधारे त्यांनी प्रतिमानाविषयीची अनेक उत्तरे अचूक काढली. धर यांनी मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि नंतर पुण्यातील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत काम केले. त्यांना २०२२ चे बोल्ट्झमन पदक मिळाले. केवळ अनुकरणाने न उलगडणारे प्रश्न रचनेतील एखादा गुणधर्म ओळखल्यावर सुटू शकतात, हे या कार्यातून दिसते.

## हे सुद्धा पहा

* गेम ऑफ लाइफ
* जॉन हॉर्टन कॉनवे
* जॉन फॉन नॉयमन
* ट्युरिंग यंत्र
* थांबण्याची समस्या
* दीपक धर